विमानात होतो

कॅप्टनने आयुष्यात एकदाही विमानाने प्रवास केला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी वाचणारा म्हणेल, बाकड्यावरच्या लोकांसारखं आम्हालाही बनवलं. त्याची उभी हयात विमानतळावर गेली हे मात्र खरं. विमान उतरलं, माणसं खाली गेली, की हा आणि याची टोळी मागच्या दाराने चढायची. सीटखालचे कागद, खिशांत कोंबलेली बिस्किटांची वेष्टनं, कुणाचा एक मोजा, कुणा पोराचं खेळणं, सगळं गोळा करायचं. ट्रे पुसायचे, पट्टे सरळ करायचे, खाली झाडून घ्यायचं आणि पुढची माणसं चढायच्या आत आपण उतरायचं. विमान उडताना त्याने पाहिलं ते कायम खालून, आणि तेही मान वर करायला सवड मिळाली तर.

मग हा कॅप्टन झाला कसा? जिभेने झाला.

निवृत्तीनंतर नवराबायको या नव्या वस्तीत राहायला आले. जिन्याखाली औषधांचं दुकान होतं आणि दुकानाशेजारी भिंतीला टेकून एक लांब लाकडी बाकडं. त्या बाकड्यावर संध्याकाळी तीन टाळकी जमायची. एक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, दुसरा गिऱ्हाईक नसलं की बाहेर येऊन बसणारा औषधवाला आणि तिसरा वायरमन, ज्याला सगळ्या घरांतून बोलावणं असायचं आणि जो कुठेच वेळेवर जायचा नाही. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, "आपण कुठे होतात?" म्हणजे नोकरीला कुठे. याने सरळ उत्तर दिलं, "विमानात होतो."

यात खोटं काय आहे, सांगा. माणूस बँकेत असतो, रेल्वेत असतो, पोस्टात असतो. पोस्टात असलेल्या माणसाला काही कुणी पाकिटात घालून तिकीट चिकटवत नाही. पण तिघांच्या कानांनी ते भलतंच ऐकलं. वायरमन म्हणाला, "म्हणजे चालवायचात?" आणि नेमकी तेव्हाच वरून बायकोने हाक मारली, अहो, दूध संपलंय. हा उत्तर न देताच उठला. दूध घेऊन परत येईपर्यंत खाली त्याचा कॅप्टन करून झाला होता.

उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या उजाडला आणि मास्तरांनी स्वतः सरकून जागा करून दिली, तेव्हा भीड पडली. परवा औषधवाल्याने चहा मागवला. त्यानंतर सांगायची इच्छाच गेली. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खालची जमीन दिसत असते हो, फक्त उतरायची घाई नसते. जन्मभर या माणसाला कुणी "तुमचं काय मत?" म्हणून विचारलं नव्हतं. मुकादम सांगायचा आणि हा करायचा. आता विमानाचा आवाज आला की तिघे माना वर करण्याआधी याच्याकडे बघायचे.

बायकोला सगळं ठाऊक होतं. "कॅप्टन, तेवढी उष्टी भांडी आणून ठेवा इकडे," एवढंच ती म्हणायची. तिला या प्रकाराची गंमत वाटायची आणि थोडं बरंही वाटायचं. नवरा खाली बसतो, हसतो, वर येऊन भाजी चिरून देतो, डोकं खात नाही. निवृत्त नवऱ्याकडून याहून जास्त काय हवं? तसा माणूस सुखी होता. सकाळी घर झाडायचा, आतल्या भिंतीपासून सुरुवात करून दाराशी संपवायचा, अगदी शिस्तीत. दुपारी आडवा व्हायचा. कुठल्या समारंभाला गेला तर उठताना खुर्च्यांखाली वाकून बघायचा आणि कुणाची तरी छत्री शोधून द्यायचा. कुणाचं देणं नाही, कुणाचं ऐकून घेणं नाही.

आणि एके दिवशी एक विमान हरवलं.

संध्याकाळी उडालं, सकाळी पोचायचं होतं, पोचलंच नाही. ना अवशेष, ना संदेश. टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. जो तो नकाशावर बोट फिरवत होता आणि बोलत होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आमचं बाकडंही मागे राहिलं नाही. वायरमनचं म्हणणं, आत कुठेतरी वायर जळली आणि एकदम सगळं बंद पडलं. औषधवाल्याला खात्री होती की वैमानिकाने सर्दीची गोळी घेतली असणार, त्या गोळीने झोप येते, तो स्वतः गिऱ्हाइकांना बजावून देतो. मास्तर म्हणत, सहवैमानिकाचं लक्ष नसणार, मागच्या बाकावरच्या मुलांसारखं. ज्याच्या हातात हातोडा त्याला सगळीकडे खिळा दिसावा, तसा प्रत्येकजण आपापल्या धंद्यातून विमान पाडत होता. शेवट मात्र तिघांचा एकच, समुद्र.

मग तिघांनी कॅप्टनकडे पाहिलं.

आता याला काय ठाऊक असणार? पण स्वभावाने मऊ माणूस. एवढी माणसं बुडाली असं त्याच्या तोंडून निघेना. त्याने हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "बुडालं नसेल. उतरवलं असेल कुठेतरी."

"कुठे?" मास्तर म्हणाले.

"जागा असतात," कॅप्टन म्हणाला.

हे "जागा असतात" असं काही जमून गेलं की दुसऱ्या दिवशी औषधवाला तेच गिऱ्हाइकांना ऐकवत होता. जुन्या धावपट्ट्या असतात, नकाशात नसतात, आमचे कॅप्टन सांगत होते. मग काय, रोज संध्याकाळी बाकड्यावर तिघे मिळून विमान बुडवायचे आणि कॅप्टन ते उतरवायचा. कधी बेटावर, कधी वाळवंटात. माणसं खाली उतरवायचा, सावलीत बसवायचा, वैमानिकाला यंत्र दुरुस्त करायला लावायचा. पराचा कावळा म्हणतात तो निदान काळा असतो, याचा कावळा दिवसागणिक रंगीत होत चालला.

त्याला एक प्रेक्षक आणखी मिळाला होता. बाकड्याच्या मागे तळमजल्याची एक खोली होती आणि तिची खिडकी नेमकी कॅप्टनच्या डोक्यामागे उघडायची. त्या खोलीत नुकत्याच एक शिवणवाल्या बाई राहायला आल्या होत्या. एकट्याच. कुणाशी फारसं बोलत नसत. दिवसभर शिवणयंत्राचा खडखडाट. पण कॅप्टनच्या लक्षात आलं, आपण बोलायला लागलो की यंत्र थांबतं. तिघे बोलत तोवर चालू आणि याने घसा खाकरला की बंद. माणूस फुशारला. मान किंचित खिडकीकडे वळवून, आवाज जरा चढवून बोलायला लागला.

पुढे एका दुपारी बायको उशांचे अभ्रे शिवायला द्यायला खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. आली ती दार लोटून त्याच्या शेजारी बसली. कॅप्टन पाय पसरून पडला होता. ती म्हणाली, "अहो, त्या शिवणवाल्या बाईंचा मुलगा विमानात होता."

कॅप्टन उठूनच बसला. आपल्या खात्यातला कुणी भेटला की माणसाला आनंद होतोच. "असं? कुठे, झाडण्याकडे की सामानाकडे? मुकादम कोण होता त्याचा?"

बायकोने मान हलवली. "खात्यात नाही हो. त्या विमानात. हरवलंय ना, त्या."

कॅप्टनने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले. बायको हळूहळू सांगत होती. एकुलता एक मुलगा. शीतयंत्रं दुरुस्त करायचं काम शिकलेला, परदेशात नोकरी लागली म्हणून निघाला होता. बाई आधी राहायच्या तिथे सगळ्यांना ठाऊक झालं. मग रोज कुणी ना कुणी दारात, आपापलं म्हणणं घेऊन. कुणी समुद्र म्हणे, कुणी अपहरण, कुणाला स्वप्न पडलेलं. जाताना सगळे "चांगला होता हो मुलगा" म्हणून जायचे. त्या "होता"ला कंटाळून बाईंनी ती खोली सोडली, कुणाला पत्ता न सांगता इथे आल्या. आणि इथे खिडकीखाली हे बाकडं.

"कुणाला सांगू नका म्हणाल्या," बायको म्हणाली. "मीही आत्ता 'होता' म्हणाले बघा. तोंडातून निघून जातं."

"मी काय काय बोललो गं?" कॅप्टनने विचारलं.

"सगळं. आणि मोठ्याने," बायको म्हणाली. तिने चेष्टा केली नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते त्याला कळलं.

त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. एक आई पडद्याआड काम थांबवून ऐकत होती आणि आपण तिला बेटं दाखवत होतो. ती उद्या त्या बेटाच्या भरवशावर बसली तर? आणि सांगणारा कोण, तर ज्याने विमानातला कचरा काढला तो. असला खेळ करायला आपल्याला कुणी सांगितलं होतं?

त्या संध्याकाळी तो खाली गेला तो ठरवूनच. बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "हे बघा, आजपासून त्या विमानाचा विषय इथे बंद. आणि मी वैमानिक नव्हतो. कधीच नव्हतो. मी विमानं झाडायचो. मला त्यातलं काडीचं कळत नाही."

आधी वायरमन हसला. मग औषधवाला. मास्तरांनी मात्र गंभीर होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "समजलं. वरून सांगून आलंय ना, बोलू नका म्हणून?"

"अहो नाही, खरंच झाडायचो."

"बरोबर आहे. आता असंच सांगायचं," मास्तर म्हणाले.

घ्या. खोटं न बोलताही खपलं होतं, आणि खरं कळवळून सांगितलं तर कुणी घेईना. कॅप्टनने कपाळाला हात लावला आणि वर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो बाकड्यावर आला नाही, तिसऱ्याही नाही. मग बाकड्याला नवा विषय मिळाला, कॅप्टन बेपत्ता. औषधवाल्याला आठवलं की कॅप्टनची बायको रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन गेली होती. "दाब आहे खरा," तो म्हणाला, आणि तिघांनी वर आकाशाकडे पाहिलं. पण विमानाचा विषय तेवढ्यापुरता बंद पडला, हेही खरं. उघड बोलण्यात धोका आहे असं मास्तरांचं मत पडलं होतं.

दारावर थाप पडली तेव्हा कॅप्टनच्या हातात झाडू होता. सकाळची वेळ, अर्धं घर झाडून झालेलं. दार उघडलं तर समोर शिवणवाल्या बाई, हातावर अभ्र्यांची घडी, मोजपट्टी गळ्यात तशीच राहिलेली. वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. त्यांनी झाडूकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"ताई आहेत?"

"या हो आत, चहा टाकतेच आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाई बसल्या. झाडू कुठे ठेवावा हे न कळून कॅप्टन तो धरूनच उभा राहिला. बोलणं तर भाग होतं. "ताई, मी खाली जे बोलत होतो, ते मी बोलायला नको होतं. माझं चुकलं. मला काही माहीत नाही. मी कधी विमानाने गेलोच नाही."

"ऐकलं मी, तुम्ही त्यांना सांगितलंत ते," बाई म्हणाल्या. "खिडकी उघडीच होती."

"तुमचा विश्वास बसला?"

"का नाही बसणार? झाडूवाला कॅप्टन आहे म्हणून सांगेल, भाऊ. झाडत होतो म्हणून कुणी खोटं कशाला सांगेल?"

बाईंनी अभ्रे मांडीवरून उचलून बाजूला ठेवले. म्हणाल्या, "तुम्ही ते उतरवायचात ना, ते मला आवडायचं. बाकीचे रोज बुडवायचे. तुम्हाला ठाऊक नाही हे मला कळत होतं हो. ज्याला ठाऊक असतं तो जागा असतात म्हणत नाही, जागेचं नाव सांगतो. पण ऐकायला बरं वाटायचं. परवापासून तेही बंद झालं."

कॅप्टनचे डोळे भरून आले. "मग आता मी काय सांगू, ताई?"

"ते कुठे गेलं, हे विचारायला आले नाही मी. ते कुणालाच माहीत नाही, हे मला कधीच कळलंय. पण तुम्ही विमान आतून बघितलंय. मी नाही बघितलं. तो नीट निघाला, आत गेला, इथपर्यंत मला दिसतं. पुढे आत कसा बसलाय, ते डोळ्यांसमोरच येत नाही. बाहेर काय झालं ते सगळे सांगतात. आतलं कुणी सांगत नाही."

"मी रिकामं बघितलंय, ताई. माणसं असताना नाही."

"रिकामं तर रिकामं."

कॅप्टनने झाडू भिंतीला लावला. स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या आणल्या आणि एकीमागे एक मांडल्या. पुढची जरा मागे घेतली, हाताने अंतर मोजलं, परत थोडी मागे घेतली. "एवढी जागा असते," तो म्हणाला. बाई उठल्या आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. गुडघे पुढच्या पाठीला लागले.

"त्याचे जास्तच टेकत असतील," त्या म्हणाल्या. "उंच आहे तो."

मग त्या विचारत गेल्या आणि कॅप्टन सांगत गेला. समोर पाठीलाच ट्रे असतो, तो असा खाली येतो. डोक्यावर एक लहान दिवा असतो, आपला आपल्याला लावता येतो, शेजाऱ्याची झोप मोडत नाही. खिडकीला वर सरकवायची झडप असते. खिडकी त्याला मिळाली का, ते मी सांगू शकत नाही. बाई एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होत्या, जणू सामान लावून घेत होत्या.

"गार असतं का आत?" त्यांनी विचारलं.

"असतं. चांगलंच गार असतं."

"त्याला गारवा सोसत नाही," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग एकदम बोलल्या, "आणि तो मागायचा नाही, भाऊ. लहानपणापासून तसाच. ताटात भाजी संपली तर कोरडंच खाईल, पण आणखी दे म्हणणार नाही. परक्या माणसाकडे तर नाहीच नाही. तिथे पांघरूण मिळतं म्हणतात. ते मागावं लागतं का?"

त्या याच प्रश्नासाठी जिना चढून आल्या होत्या, हे कॅप्टनला तेव्हा कळलं. "नाही" हा शब्द त्याच्या अगदी ओठांवर आला होता. त्याने तो आवरला. सोयीचं बोलून बोलून झालं होतं, आता या बाईला तरी नाही.

"रात्रभराचंच होतं ना ते, नक्की?"

"संध्याकाळी निघून सकाळी पोचायचं."

कॅप्टनच्या जिवात जीव आला. "मग नाही मागावं लागत. जवळच्या विमानात मागावं लागतं, तेही असलं तर देतात. रात्रभराच्या विमानात माणसं चढायच्या आधीच ठेवलेलं असतं, पिशवीत घडी करून, सीटवर. आमच्याकडे सगळ्या कंपन्यांची विमानं यायची, रात्रीच्या सगळ्यांत ठेवायचो. मी माझ्या हाताने ठेवलीत, ताई. एखादी सीट राहिली तर मुकादम खालून परत वर पाठवायचा."

"प्रत्येक सीटवर?"

"प्रत्येक."

"म्हणजे त्याच्यासुद्धा."

"त्याच्यासुद्धा. बसायचं तर आधी तेच उचलावं लागतं हातात."

बाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीला मान टेकली. कितीतरी दिवसांनी टेकली असेल. स्वयंपाकघराच्या दारात बायको कपबशा घेऊन उभी होती, ती पुढे आली नाही.

"कापड कसलं असतं?" बाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"लोकरीसारखं दिसतं, पण लोकर नसते. हलकं असतं. पण ऊब येते."

बाईंचा अंगठा बोटांवर फिरत होता, कापड पारखल्यासारखा. "लांबीला पुरत असेल त्याला?"

बायकोने दारातून कॅप्टनकडे पाहिलं. पुरतं म्हणा, असं तिचे डोळे स्पष्ट सांगत होते. एवढ्याशा गोष्टीने कुणाचं काय जाणार होतं? पण कॅप्टन म्हणाला, "नाही, ताई. उंच माणसाचे पाय बाहेर राहतात."

बाईंनी डोळे उघडले. आणि हसल्या, चक्क खुदकन हसल्या. "घरीसुद्धा बाहेरच असतात," त्या म्हणाल्या. "कितीही लांब शिवा. सकाळी बघावं तर पाय बाहेर." हसता हसताच त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. बायकोने कपबशा खाली ठेवल्या, पुढची खुर्ची त्यांच्याकडे फिरवली आणि समोर बसून त्यांचे हात हातात घेतले.